रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंच

शिरपूर तालुक्यात माझी मोठी बहीण राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, नववीत असताना तिचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या आसपास, कधी सकाळी शाळेच्या वेळेला, कधी रात्री जेवण झाल्यावर. आधी ओवा-सैंधव झालं, मग गावातले डॉक्टर, मग धुळ्याला सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, जंताचं औषध, शेवटी दुर्बिणीची तपासणी. पाच महिन्यांत फाइल जाड झाली आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच शब्द: नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटून ताईला सांगितलं, "काही नाहीये हिला. अभ्यासाचं टेन्शन आहे. मनातून काढून टाका."

घरी आल्यावर त्या वाक्याचा प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. भाऊजींना वाटलं, पोरगी शाळा बुडवायला निमित्त काढते. आजीने "पोरले नजर लागनी" म्हणत मीठ-मोहरी उतरवून टाकली. ताईला वाटलं, डॉक्टरांना सापडत नाही म्हणजे काहीतरी मोठंच असणार. आणि ती पोर मला फोनवर हळूच म्हणाली, "मामा, पोट खरंच दुखस."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तिचं ते 'खरंच' माझ्या मनातून गेलं नाही. आपलं दुखणं खरं आहे हे पंधरा वर्षांच्या मुलीला शपथेवर सांगावं लागतं, यात आपलं काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. मग वाचत गेलो, ओळखीतल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारत गेलो. त्यातून जे समजलं ते लिहितो आहे, कारण असं एक तरी पोर बहुतेक प्रत्येक वर्गात असतं.

पहिली गोष्ट आकड्यांची. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे दीर्घकालीन वेदना. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर साधारण पाचातल्या एका मुलाला असं काही ना काही असतं. डोकं, पोट, पाठ, हातपाय ही नेहमीची ठिकाणं. वयात येताना हे प्रमाण वाढतं आणि मुलींमध्ये जास्त दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात औषधांबरोबर व्यायाम-हालचाल आणि मानसोपचार यांनाही स्थान दिलं आहे. आपल्याकडे पहिलं होतं, दुसरं कधीकधी होतं, तिसऱ्याचं नाव काढलं की घरचे गप्प होतात.

आता दुखणं म्हणजे काय ते पाहू. आपल्याला वाटतं, जेवढी जखम तेवढं दुखणं. पण कापूस वेचणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वाळलेल्या बोंडाची टोकं दिवसभर बोटं ओरबाडत असतात, ओळ संपवायच्या नादात ते जाणवतसुद्धा नाही. संध्याकाळी हात धुवायला बसलं, की मग आग होते. जखम दुपारचीच, दुखलं संध्याकाळी. म्हणजे जखम आणि दुखणं यांच्या मधे कुणीतरी आहे.

तो मधला कोण, हे मला माझ्या गावामुळे पटकन समजलं. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठचं. पांझरेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धत आहे: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाच्या पाण्याखाली सगळ्यांच्या शेतांचे मिळून फड. तिथे आपलं पाणी आपण घ्यायचं नसतं. गावाने नेमलेला पाटकरी दारं धरतो. या सरीचं तोंड फोड, त्या सरीला माती लाव. बंधाऱ्यात पाणी तेवढंच असलं तरी कुठल्या वावरात किती पोचेल हे पाटकऱ्याच्या फावड्यावर ठरतं.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी दुखण्याबद्दल नेमकं हेच मांडलं. पोटातून, पायातून येणारे संदेश थेट मेंदूत जात नाहीत. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत त्यांना एक दार लागतं. ते दार कमी-जास्त उघडतं, आणि किती उघडायचं याचे हुकूम वरून, मेंदूकडूनही येतात. पुढच्या संशोधनाने या मांडणीत बरीच दुरुस्ती केली, पण वरून खाली येणारे हुकूम आहेत हे पक्कं झालं. मेंदू ज्या रसायनांनी दार लावून घेतो ती अफूशी मिळतीजुळती असतात आणि शरीर ती स्वतःच बनवतं.

विचारांचा संबंध येतो तो इथे. मेंदू हुकूम सोडताना एकच प्रश्न विचारतो: धोका किती आहे? धोका मोठा वाटला की तो म्हणतो, दार उघडं ठेव, मला सगळं कळू दे. धोका नाही असं वाटलं की दार ओढून घेतो. आणि धोका किती हे तो फक्त आतड्यावरून ठरवत नाही. आठवणी, भीती, आईचा चेहरा, डॉक्टरांचा सूर, उद्याचा पेपर, हे सगळं त्यात धरतो.

याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २०११ साली उलरिके बिंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या पायाला उष्णतेचे चटके देत सलाइनमधून एक जोरदार वेदनाशामक सोडलं. औषध सुरू आहे हे सांगितलं नव्हतं तेव्हा थोडा आराम पडला. "आता औषध सुरू करतोय" म्हटल्यावर तेच औषध दुप्पट गुणकारी ठरलं. मग सांगितलं, "औषध बंद केलं, आता दुखू शकतं." औषध तसंच चालू होतं, तरी आराम जवळजवळ पुसला गेला. मेंदूच्या छायाचित्रांतही हा फरक दिसला. म्हणजे त्या माणसांना दुखल्यासारखं 'वाटलं' नाही, त्यांना दुखलं.

'मनाचं आहे' म्हणजे 'खोटं आहे' ही आपली समजूत म्हणूनच चुकीची आहे. विचार हीसुद्धा मेंदूतली, म्हणजे शरीरातलीच घडामोड आहे.

दुखण्याला चिकटून येणाऱ्या विचारांच्या सवयींवर मायकेल सलिव्हन यांनी १९९५ साली तेरा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. मुलांसाठी तिचं वेगळं रूप २००३ साली आलं. त्यात तीन सवयी पकडल्या आहेत. पुस्तकी नावं बाजूला ठेवतो आणि माझ्या भाचीच्या तोंडूनच सांगतो, कारण तिच्याशी बोलताना मला तिन्ही ऐकू आल्या.

एक, घोळणं. "सकाळी उठले की आधी पोटाकडेच लक्ष जातं. आज दुखेल का, किती वाजता दुखेल, हेच डोक्यात." मराठीच्या तासाला बसलेली असते, पण कान पोटाला लावलेले. मेंदू ज्या भागाकडे सारखा लक्ष देतो तिथले बारीक संदेशही त्याला मोठे ऐकू येतात. आतड्याची नेहमीची हालचाल तुम्हा-आम्हाला कळत नाही, तिला कळायची.

दोन, फुगवणं. "मामा, कॅन्सर असेल आणि मला कोणी सांगत नसतील तर?" गल्लीतल्या एका आजींना पोटाचा कॅन्सर झाला होता, घरात त्याची कुजबुज व्हायची, हिने ते आपल्या पोटाला जोडलं. मोबाइलवर शोधलं तर पहिल्या पानावर सगळ्यात वाईट तेच दिसलं.

तीन, हात टेकणं. "काहीच उपयोग नाही. काहीही केलं तरी दुखणारच." तिन्हींत मला हीच सगळ्यात वाईट वाटते. पहिल्या दोन सवयींत निदान धडपड असते. हात टेकलेलं पोर औषध घेतं तेही 'याने काही होणार नाही' असं म्हणत, आणि बिंगेल यांच्या प्रयोगात काय झालं ते वर सांगितलंच आहे.

या तिन्हींना मिळून इंग्रजीत 'कॅटॅस्ट्रोफायझिंग' असा शब्द आहे, त्याचा सूर 'उगाच बाऊ करणे' असा येतो. दुखणाऱ्या माणसांना तो लागतो, आणि संशोधकांमध्येही तो बदलावा अशी चर्चा आहे. मला ते पटतं. ही सवय कुणी हौसेने लावून घेत नाही. महिनोन्‌महिने दुखलं, कारण सापडलं नाही, तर कुठलाही शहाणा माणूस असाच विचार करू लागेल. दुखण्यातून विचार, विचारातून दुखणं, असा तो दोन्हीकडून वळला जाणारा दोर आहे. पोराचा यात दोष नाही, एवढं घरातल्या मोठ्यांनी आधी पक्कं करावं.

मग हे वयात येतानाच इतकं का वाढतं? या वयात भावनांचा जोर धरणारे मेंदूचे भाग लवकर तयार होतात आणि त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग विशी उलटल्यावरही काही वर्षं घडत राहतो. झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, शाळा मात्र सकाळचीच. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं. आणि मैत्रिणी काय म्हणतील हा प्रश्न त्या वयात जीवनमरणाचा असतो. पोट दुखण्यापेक्षा वर्गात हात वर करून बाहेर जावं लागेल, याची भाचीला जास्त धास्ती होती.

विचार तिथेच थांबत नाहीत, पायात उतरतात. माझ्याच वर्गातला एक मुलगा कबड्डी खेळताना घोट्यावर पडला. लिगामेंट ताणलं होतं. दीड-दोन महिन्यांत ते भरून आलं, एमआरआय स्वच्छ. पण पाय टेकला की दुखायचं, आणि दुखलं की त्याला वाटायचं, आत पुन्हा फाटलं. म्हणून तो लंगडत राहिला, मग सायकल सोडली, मग जिने. न वापरलेली पोटरी बारीक झाली, सांधा आखडला. अशा पायावर एक दिवस वडिलांनी जबरदस्तीने चालवलं तर दुखणारच, आणि दुखलं. झालं, त्याची खात्रीच पटली. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या फेऱ्यावर सविस्तर लिहिलं: भीती, टाळणं, अशक्तपणा, जास्त दुखणं, आणखी भीती. पाठदुखीच्या मोठ्या माणसांवरून सुरू झालेलं हे काम नंतर मुलांनाही लागू पडलं. दुखणं किती आहे यापेक्षा त्याची भीती किती आहे, यावर बऱ्याचदा पोर शाळेत जाईल की अंथरुणात राहील हे ठरतं.

भाचीचं टाळणं ताटातून सुरू झालं. आधी तिखट सोडलं, मग वरण-बट्टी, मग लग्नातलं जेवण, मग लग्नाला जाणंच. थंडीत आमच्याकडे शेतावर भरताच्या पार्ट्या होतात, काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, सगळा गोतावळा. त्या वर्षी ती घरी एकटी थांबली. पोट त्या दिवशीही दुखलं.

आता घरच्यांबद्दल, आणि यात मी स्वतः येतो. मी तिला रोज संध्याकाळी फोन करायचो आणि पहिला प्रश्न असायचा, "आज पोट कसं आहे?" ताई तर तासातासाला कपाळावर हात ठेवायची. प्रेमानेच. नंतर मला लिन वॉकर यांचा २००६ सालचा प्रयोग वाचायला मिळाला. वारंवार पोट दुखणारी मुलं आणि ठणठणीत मुलं, दोन्हींना पोट गच्च होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काही आईवडिलांना सांगितलं की दुखण्याची विचारपूस करा, सहानुभूती दाखवा. काहींना सांगितलं, मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवा. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, लक्ष वळवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. यातली मला टोचलेली गोष्ट पुढची आहे. दुखणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना वाटत होतं की लक्ष वळवल्याने पोर दुखावेल. पोरांना तसं वाटलं नाही, त्यांना बरंच वाटलं.

मी दुसऱ्या दिवसापासून तो प्रश्न थांबवला. सोपं नव्हतं. आपल्याकडे तब्येत विचारणं हीच माया दाखवायची रीत. शेजारीण दारातून हाक मारते, "काय गं, पोट राहिलं का?" किराणावालाही विचारतो. दिवसातून दहा माणसं पोटाची आठवण करून देत असतील तर पोराने ते विसरायचं कसं? मी तिला मांजरीच्या पिलांबद्दल विचारू लागलो. ती स्वतःहून पोटाबद्दल बोलली तर मात्र पूर्ण ऐकायचो, कारण न विचारणं वेगळं आणि न ऐकणं वेगळं.

उपायांकडे येताना एक सांगून टाकतो. 'सकारात्मक विचार कर' हा उपाय नव्हे. दुखत असलेल्या मुलीला "काही नाही होत, हस बघू" म्हटलं की ती समजते, सांगणाऱ्यालाही पटलेलं नाही. ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे ती कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर काही आठवडे केलेलं काम. त्यात विचार खोडून काढत नाहीत, तपासतात. "दुखलं म्हणजे आत बिघडलंय" हा विचार कागदावर लिहायचा. त्याच्या बाजूने पुरावा काय? दुखतं, हा. विरुद्ध? इतक्या महिन्यांत वजन घटलं नाही, ताप नाही, सगळ्या तपासण्या स्वच्छ, आणि आत्तापर्यंत प्रत्येक वेळी दुखणं तासा-दीड तासात थांबलंच आहे. मग विचार नव्याने लिहायचा: "दुखतंय, त्रास होतोय, पण हे धोक्याचं नाही आणि थांबतं हे मला माहीत आहे." हे वाक्य गोड नाही, खरं आहे. मेंदू गोड वाक्यांना फसत नाही, पण खरं वाक्य पुन्हा पुन्हा अनुभवाला आलं की हुकूम बदलतो.

अनुभवाला येणं म्हणूनच महत्त्वाचं. विचारांबरोबर पायरी-पायरीने वागणंही बदलावं लागतं. शाळा एकदम पूर्ण दिवस नाही, आधी दोन तास. दुखलं तरी दोन तास, आणि बरं वाटलं तरी दोनच तास. हा दुसरा भाग लोक विसरतात. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळं उरकायला गेलं की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात आणि मेंदू पुन्हा घाबरतो. घोट्याच्या त्या मुलाला फिजिओथेरपिस्टने पहिल्या आठवड्यात फक्त अंगणाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. त्याच्या जोडीला पोटातून संथ श्वास, ठरलेली झोप, उशाशी मोबाइल नाही.

याने फरक किती पडतो? २०१३ साली स्कॉट पॉवर्स यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन मायग्रेन असलेली १० ते १७ वयाची १३५ मुलं. औषध सगळ्यांना एकच. निम्म्यांना त्याबरोबर ही थेरपी, निम्म्यांना डोकेदुखीबद्दल नुसती माहिती. सुरुवातीला २८ पैकी २१ दिवस डोकं दुखायचं. वीस आठवड्यांनी थेरपी घेतलेल्यांचे साडेअकरा दिवस कमी झाले, दुसऱ्या गटाचे ६.८. दुखणं शून्यावर आलं नाही. पण महिन्यात साडेअकरा दिवस मोकळे होणं म्हणजे काय, ते दहावीतल्या पोराला विचारा.

सातपुड्याच्या बाजूचा विषय याला जोडूनच येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आहे. त्यात लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं फोडून काढल्यासारखं दुखतं. इथे कारण रक्ताच्या तपासणीत स्पष्ट दिसतं, 'मनाचं आहे' म्हणायला जागाच नाही. तरीसुद्धा घोळणं, फुगवणं, हात टेकणं यांचा त्या मुलांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो हे अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे आजार शरीराचा की मनाचा, ही वाटणीच कामाची नाही. सिकलसेलच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध हवंच, आणि घाबरलेल्या मेंदूला धीर देणारं कुणीतरीही हवं.

यातली एक चूक मात्र जिवावर बेतू शकते: तपासणी न करताच 'विचारांचं आहे' असं ठरवणं. वजन घटतंय, ताप येतोय, शौचातून किंवा उलटीतून रक्त जातंय, दुखण्याने रात्री झोपमोड होतेय, सांधे सुजलेत, हातापायांतली ताकद कमी होतेय, सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होतेय, पोट उजवीकडे खाली एकाच जागी दुखतंय, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, ताबडतोब. मुलींचं पाळीच्या वेळचं दुखणं शाळा बुडण्याइतकं असेल तर तेही 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडू नये.

तपासण्या झाल्यावर कुठे जायचं? धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मनोविकार विभागात दाखवता येतं. १० ते १९ वयोगटासाठी सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि त्यात किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय असते, सरकारी दवाखान्यात तिची चौकशी करावी. प्रवास जमत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. लोक काय म्हणतील या भीतीने ताई सहा महिने थांबली. तिला मी शेवटी एवढंच म्हणालो, "ताई, पाणी सोडणारा चुकतोय, बंधारा नाही. पाटकऱ्याशी बोलायचंय, एवढंच."

भाची धुळ्याला एका समुपदेशक बाईंकडे दर पंधरा दिवसांनी जायची, तीनेक महिने. पोट अजून दुखतं. या हिवाळ्यात मात्र ती भरताच्या पार्टीला आली. चारच्या सुमारास चेहरा उतरला, पोटावर हात गेला. ताई उठायला लागली, मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. पोरगी बांधावरच्या खाटेवर जाऊन आडवी पडली, पोटावर दोन्ही हात ठेवून श्वास मोजत. अर्ध्या तासाने आली आणि आजीला म्हणाली, "माय, भरीत उरनं का?"